कर्नाळा ते कोर्लई : ओसाड नगराचे समाधिलेख आणि मागे राहिलेली भाषा

१

पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कर्नाळ्याचा सुळका उभा आहे. बोरघाट उतरून येणारी वाट आणि पनवेल व आपटा या जुन्या बंदरांकडे जाणारी वाट अशा दोन्ही वाटांवर त्याची नजर राहत असे. या किल्ल्यावर दोन शिलालेख नोंदलेले आहेत. खालच्या दरवाजाच्या आतील बाजूस असलेला लेख मराठी असून त्यावर वर्ष नाही. वरच्या दरवाजावरील लेख फार्सी असून त्यात सय्यद नूरुद्दीन मुहम्मद खान हे नाव आणि हिजरी ११४६, म्हणजे इसवी सन १७३३-३४, हे वर्ष आहे. ज्या लेखाला कालनिर्देश आहे त्याची भाषा पायथ्याच्या गावांची घरची भाषा कधीच नव्हती. आणि जी भाषा तेथे घरोघर बोलली जाते तिच्या लेखाला कालनिर्देशच नाही.

ही विसंगती एका किल्ल्यापुरती मर्यादित नाही. दगडावरील लेख हा इतिहासाचा उत्तम पुरावा मानला जातो, आणि कालनिर्णयाच्या बाबतीत ते योग्यच आहे. परंतु एखाद्या स्थळी लोक कोणती भाषा बोलत होते, या प्रश्नाचे उत्तर दगड कितपत देऊ शकतो? कर्नाळ्याच्या दक्षिणेस पसरलेल्या जुन्या कुलाबा, आजच्या रायगड, जिल्ह्यात या प्रश्नाची कसोटी पाहण्याजोगी स्थळे एकमेकांपासून फार दूर नाहीत. चौल-रेवदंड्याचे उजाड पोर्तुगीज नगर आणि त्यातील दफनस्थाने हे पहिले. त्याच्या समोरच्या तीरावरील कोर्लई हे दुसरे. आणि अलिबागच्या उत्तरेस असलेली नवगाव येथील बेने इस्राएल समाजाची दफनभूमी हे तिसरे. या तिन्ही स्थळांचा एकत्र विचार केला असता जे दिसते, ते शिळेवर विसंबणाऱ्या अभ्यासकास सावध करणारे आहे.

कर्नाळा आणि चौल यांचा संबंध केवळ भौगोलिक नाही. १५४० मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाने गुजरातच्या सुलतानाकडून कर्नाळा घेतला, तेव्हा गुजरातच्या अधिकाऱ्यांनी वसईचा पोर्तुगीज कप्तान दोम फ्रान्सिस्को द मेनेझेस याची मदत मागितली. पोर्तुगिजांनी किल्ला जिंकला. परंतु तो राखण्याचा खर्च आणि निजामशाहाशी येणारे वैर ही दोन्ही नकोशी वाटून त्यांनी तो वार्षिक ५००० सोन्याच्या पारदावांच्या मोबदल्यात निजामशाहास परत दिला. निजामशाहाशी वैर का नको होते, याचे एक कारण उघड आहे. पोर्तुगिजांचे चौल येथील ठाणे निजामशाहाच्याच मुलखात, त्याच्याच परवानगीने उभे होते. घाटवाटेवरील किल्ल्यापेक्षा समुद्रावरचे नगर त्यांना मोलाचे वाटले. पुढे ठाणी दोन्ही हातची गेली; पण नगराच्या जाण्याची रीत वेगळी होती.

२

चौलचे प्राचीनत्व त्याच्या नावातच साठलेले आहे. कान्हेरीच्या दानलेखांत ते ‘चेमूल’ या रूपात येते. ग्रीक लेखकांनी ते ‘सेमिल्ला’ किंवा ‘सिमिल्ला’ असे लिहिले, तर अरबांनी ‘सैमूर’. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे उतरलेला रशियन प्रवासी अफानासी निकितिन हे नाव ‘चुविल’ असे लिहितो. दोन स्वरांमधील मकाराचा सानुनासिक वकार होणे आणि पुढे त्याचे अनुनासिकत्व, क्वचित वकारही, झिजणे ही मराठीतील परिचित प्रक्रिया आहे. ‘ग्राम’चे ‘गाव’ आणि ‘नाम’चे ‘नाव’ याच मार्गाने झाले. ‘चेमूल’पासून ‘चेवूल’, ‘चेऊल’ आणि शेवटी ‘चौल’ हा प्रवास त्याच नियमाने होतो, आणि निकितिनच्या लेखनातील वकार हा त्यातील मधल्या अवस्थेचा साक्षीदार ठरतो. विशेष म्हणजे ‘चेऊल’ हे रूप मूळ गावी मागे पडले तरी गाव सोडून गेलेल्यांबरोबर टिकले. चौलचे विणकर सतराव्या शतकात मुंबईकडे वळले. मुंबईतील ‘चेऊलवाडी’ या नावात आणि बेने इस्राएल समाजातील ‘चेऊलकर’ या आडनावात जुने रूप अद्याप ऐकू येते. स्थलांतरित मनुष्य भाषेचे जुने नाणे कधी कधी मूळ गावापेक्षा अधिक जपून ठेवतो. ही गोष्ट पुढील विवेचनातही उपयोगी पडेल.

पोर्तुगीज प्रथम १५०५ मध्ये या बंदरात आले. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त व गुजरात यांच्या संयुक्त आरमाराशी झालेल्या लढाईत व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. १५२१ मध्ये निजामशाहाच्या संमतीने कुंडलिकेच्या मुखाशी किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले आणि त्याभोवती जे नगर वाढले ते आजचे रेवदंडा, अथवा खालचे चौल. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशाहाने घातलेला प्रदीर्घ वेढा या नगराने सोसला. १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी समोरच्या तीरावरील डोंगर निजामशाहाकडून जिंकला. तोच कोर्लईचा किल्ला. तटाच्या आत प्रमुख चर्च, डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, ऑगस्टिनियन व जेझुइट पंथांचे मठ, इस्पितळ आणि धनिकांची घरे होती.

अशा नगराचा शेवट अग्निप्रलयाने किंवा रोगराईने झाला नाही. तो तहनाम्याने झाला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मे १७३९ मध्ये वसई पडली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. १७४० च्या तहात, मराठ्यांनी गोव्याच्या साष्टी व बारदेश या भागांतून निघून जावे या बदल्यात पोर्तुगिजांनी चौल सोडण्याचे मान्य केले. सुमारे सव्वादोनशे वर्षांची वस्ती थोडक्या काळात उठली. ज्यांना गोव्याला जाणे शक्य होते ते गेले. तटाच्या आतील भाग हळूहळू नारळी-पोफळीच्या वाड्यांनी भरून गेला. आज तेथे घरे आहेत, माणसे आहेत, शिंपण चालू आहे; म्हणजे जागा निर्जन नाही. ओसाड झाले ते नगर.

३

रेवदंड्याच्या या आगरकोटात शिरणाऱ्यास दफनभूमी शोधावी लागते, कारण ती वेगळी अशी नाही. कॅथलिक प्रथेप्रमाणे पोर्तुगीज हिंदुस्थानात प्रतिष्ठितांचे दफन चर्चच्या जमिनीखाली होत असे. वेदीजवळची जागा अधिक मानाची, दाराजवळची कमी मानाची. वर बसवलेली शिळा हीच चर्चची फरशी. जेथे छप्पर कोसळले तेथे चर्च उघडे अंगण झाले, आणि त्याबरोबर त्याच्या पोटातील दफनभूमीही उघडी पडली. सातखणी मनोरा दुरून दिसतो व नजर वर खेचतो. येथील मृतांचा पत्ता मात्र पायांखाली असतो.

या शिळांवरील लेखनाची पद्धत ठरलेली आहे. रोमन मोठी अक्षरे, शब्दांचे संक्षेप, कधी कुळाचे मानचिन्ह, मृताचे नाव, त्याचे पद अथवा त्याने केलेले दान, आणि मृत्यूची तारीख. अनेक लेखांत एक ठरीव वाक्प्रचार येतो : ही कबर अमक्याची ‘व त्याच्या वारसांची’. १८७६ मध्ये मुंबईचे वैद्यकीय व्यावसायिक व पुरातत्त्वज्ञ जे. जेर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसई यांच्या पुरावशेषांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्या काळी जे वाचता येत होते त्याच्या नोंदी झाल्या नसत्या, तर पुढे पावसाने व पायांनी झिजलेल्या अक्षरांविषयी फारसे काही कळले नसते.

या लेखांचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी त्याच मोहिमेत वर्षभर आधी रिकाम्या झालेल्या वसईकडे पाहणे सोयीचे आहे. तेथील जेझुइट चर्चमधील एक शिळा इझाबेल द आगियार या विधवेची आहे. तिने तेथील विद्यालयास साहाय्य केले आणि तिचा मृत्यू १५९१ च्या जानेवारीत झाला, असे ती सांगते. दुसरी शिळा फिलिपा द फोन्सेका हिची. तिने हयातीतच आपले सर्वस्व चर्चला दिले व १६२८ च्या जुलैमध्ये ती निवर्तली. दोन्ही स्त्रिया निर्वाह होऊन दान देण्याइतक्या संपन्न होत्या, म्हणून त्यांची नावे राहिली. लेख खोटे बोलत नाहीत. ते फक्त ज्यांच्या घरात दगड कोरून घेण्याइतका पैसा होता त्यांच्याविषयी बोलतात. नगरातील सैनिक, खलाशी, गुलाम, मासेमार, नवख्रिस्ती कामकरी यांचीही दफने होतच असली पाहिजेत. परंतु त्यांच्यावर अक्षर नाही.

‘वारसांची’ हा शब्द म्हणूनच ध्यानात घेण्याजोगा आहे. कबर विकत घेणाऱ्याने ती आपल्या पुढच्या पिढ्यांसाठीही राखून ठेवली. त्याचा विश्वास नगराच्या स्थैर्यावर होता. पण ज्या वर्गाला शिळा परवडते त्याच वर्गाला जहाजही परवडते. १७४० मध्ये गोव्याची वाट धरणे शक्य झाले ते प्रामुख्याने याच वारसांना. शिळा राहिली, वारस गेले, आणि शिळेवरची भाषा त्यांच्याबरोबर तटाबाहेर पडली.

येथपर्यंतचा पुरावा पाहून चौल येथे पोर्तुगीज भाषा १७४० मध्ये संपली, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मराठीत राहून गेलेले शब्द, जसे पाव, चावी, साबण, बटाटा, तुरुंग, लिलाव, पगार, घमेले, नाताळ, हे तिचे अवशेष म्हणून दाखवता येतील. परंतु हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो चुकीचा आहे हे ऐकण्यासाठी केवळ कुंडलिका ओलांडावी लागते.

४

कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीत सुमारे हजारभर ख्रिस्ती लोकांचा समाज राहतो. त्यांच्या घरात जी बोली चालते तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. ती पोर्तुगीजमधून निपजलेली संकरभाषा आहे. तिचा विस्तृत अभ्यास अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी केला असून त्यांचा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः पोर्तुगीज आहे. रचना मात्र मराठीच्या शेजारामुळे पुष्कळ बदलली आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्मापूर्वी येते. कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊ लागले. म्हणजे जी भाषा रेवदंड्याच्या शिळांवर थिजून राहिली, तिचीच एक लेक समोरच्या तीरावर मराठीच्या सहवासात वाढली आणि बदलली.

ही बोली कोणी टिकवली, या प्रश्नाच्या उत्तरात सर्व मर्म आहे. तिचे पूर्वबोलके नगरातील धनिक नव्हते. पोर्तुगीज सैनिकांच्या मिश्र संसारातून आलेली, दासवर्गातील आणि स्थानिक निम्न जातींतून ख्रिस्ती झालेली ही माणसे. गोव्याला जाऊन पुन्हा घर मांडण्याची ऐपत त्यांच्यापाशी नव्हती. ती मागे राहिली. धर्मामुळे ती हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांपासून वेगळी पडली आणि जातीमुळे इतर ख्रिस्ती समाजांपासूनही दूर राहिली. विवाहसंबंध आपसांत होत राहिले. उत्तरेस खाडी होती, आणि तिच्यावरील पूल १९८० च्या दशकापर्यंत झाला नव्हता. पाद्र्यांच्या द्वारे पोर्तुगीजशी थोडाफार संपर्क राहिला, तरी ती लिहिण्याची भाषा झाली नाही. ती राहिली माणसांच्या तोंडात.

अशा प्रकारे खाडीच्या दोन तीरांवर एकाच भाषेचे दोन इतिहास समोरासमोर उभे आहेत. उत्तर तीरावर नाव, पद, तारीख यांसह कोरलेली पोर्तुगीज आहे आणि तिला बोलणारा कोणी नाही. दक्षिण तीरावर बोलणारे आहेत आणि त्यांच्या अठराव्या शतकातील पूर्वजांच्या नावाची शिळा नाही. केवळ लेखांवरून इतिहास लिहिणाऱ्याने दक्षिण तीर गमावला असता.

५

चौलच्या उत्तरेस, अलिबाग ओलांडून थळच्या बाजूला गेले असता नवगाव लागते. येथील दफनभूमी वेगळ्या समाजाची आहे, आणि तिच्यात नगराचा प्रश्नच नाही. तरीही रेवदंडा-कोर्लईच्या जोडीला ती ठेवल्यावाचून तुलना पुरी होत नाही. बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. वाहून आलेली प्रेते गावकऱ्यांच्या भूमीत पुरली गेली, पुरुषांची एका उंचवट्यात आणि स्त्रियांची दुसऱ्यात. या घटनेचा काळ निश्चित करता येत नाही. समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेल्या, आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या, ग्रंथात तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेला. ते मान्य करो वा न करो, त्या उंचवट्यांवर अक्षर नव्हते ही गोष्ट निर्विवाद आहे. तेथील स्मारकस्तंभ विसाव्या शतकातील आहे.

परंपरेनुसार गलबताबरोबर ग्रंथही बुडाले. हिब्रूपैकी ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी मुखी राहिली. शब्बाथ, सुंता व आहाराचे काही नियम आचारात राहिले. बाकी भाषा मराठी झाली. तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. नावेही कोकणी वळणाची झाली. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे लोकांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात.

त्यांचा खरा शिलालेख कोणत्याही दफनभूमीत नाही. तो त्यांच्या आडनावांत आहे. किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, पनवेलचे पनवेलकर, कर्नाळ्याच्या पायथ्यापासून दूर नसलेल्या आपट्याचे आपटेकर, आणि वर उल्लेखिलेले चेऊलकर. अशी शंभराहून अधिक आडनावे एकत्र मांडली तर जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच तयार होतो. शिळा एका जागी राहते. आडनाव माणसाबरोबर चालते. गावात आज त्या समाजाचे एकही घर नसले तरी ते घर एके काळी तेथे होते याची साक्ष हे नाव देते.

६

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. मुंबईतील शाळा, इंग्रजी सैन्यातील व सरकारी खात्यांतील नोकऱ्या आणि छापखाना यांनी या समाजाला अक्षर दिले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले ते याच समाजाच्या उपयोगासाठी. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या सणाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. पनवेलचे ‘बेथ एल’ हे प्रार्थनामंदिर १८४९ मधील आहे. याच काळापासून पनवेल, अलिबाग व आसपासच्या दफनभूमींत लेखयुक्त शिळा वाढल्या, आणि त्यांवर हिब्रूच्या जोडीला देवनागरीतील मराठी आली; कोठे यहुदी कालगणनेचे वर्ष, कोठे इसवी सन, कोठे दोन्ही.

येथे रेवदंड्याच्या उदाहरणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. निर्लेख मातीखाली पूर्वज ठेवणारा समाज शतकानुशतके गावाला बांधून राहिला. त्याला शिळा परवडू लागली ती ज्या शिक्षणाने व नोकरीने, त्याच शिक्षणाने व नोकरीने त्याला प्रथम मुंबईची आणि १९४८ नंतर इस्राएलची वाट मोकळी करून दिली. बहुसंख्य लोक तिकडे स्थायिक झाले. त्यांच्या यहुदीपणाविषयी तेथील धर्माधिकाऱ्यांनी घेतलेल्या शंकांविरुद्ध त्यांना झगडावे लागले आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. भारतात आज हा समाज काही हजारांपुरता उरला आहे. कोकणातील अनेक गावांत त्याची दफनभूमी आहे, पण तिच्यात दफन झालेल्यांचे वंशज समुद्रापार आहेत.

मात्र येथे भेद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. रेवदंड्याची शिळा आज तेथील रहिवाशाला वाचता येत नाही. बेने इस्राएलांच्या शिळेवरील मराठी मजकूर वाटेने जाणारा शाळकरी मुलगाही वाचू शकतो. एका समाजाने आपली भाषा आणून दगडावर कोरली. दुसऱ्याने शेजाऱ्याची भाषा आपली करून ती कोरली. म्हणून पहिल्याचे वारस गेल्यावर लेख मुका झाला, दुसऱ्याचा झाला नाही. आणि गेलेल्यांनीही ती टाकली नाही. इस्राएलमध्ये १९८० च्या दशकात ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघू लागले. चेऊलवाडीने जुना उच्चार जपला, त्याच जातीची ही घटना आहे.

७

या तुलनेतून निघणारे अनुमान मर्यादित आहे, आणि ते मर्यादितच ठेवावयास हवे. लेख असला की भाषा जाते आणि लेख नसला की राहते, असा काही नियम नाही. लेख कोरणे आणि स्थलांतर करणे या दोहोंना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे ऐपत. म्हणून ओसाड स्थळांच्या इतिहासात लेख मागे ठेवणारे आणि निघून जाणारे हे पुष्कळदा एकच असतात, एवढेच येथे दिसते. समाधिलेख हा नगराच्या भाषेचा पुरावा नसून नगरातील प्रतिष्ठेच्या भाषेचा पुरावा आहे. उरलेल्यांची भाषा शोधावयाची तर शिळेबरोबरच गावाचे नाव, आडनाव, आणि शेजारच्या वस्तीतील जिवंत बोली यांच्याकडे जावे लागते. पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र ही दोन शास्त्रे एकाच दफनभूमीत भेटली पाहिजेत, असे म्हणावयाचे ते याच कारणाने.

या कामास अवधी फार नाही. रेवदंड्यातील फरशांवर दर वर्षी पाऊस पडतो आणि वाड्यांतील पाणी मुरते. कोर्लईची मुले मराठी शाळेत शिकतात, पूल झाल्यापासून कामधंद्यासाठी बाहेर जातात, आणि घरात मराठीचा वापर वाढत आहे. त्यात त्यांचा दोष नाही. पनवेल व अलिबागकडील शिळांची देखभाल करणारी कुटुंबे थोडी आहेत. प्रत्येक शिळेचा ठसा व छायाचित्र घेणे, ती नेमकी कोठे आहे याचा आराखडा काढणे, लेख जसाच्या तसा उतरून घेणे, आणि निर्लेख उंचवट्यांचीही तितक्याच काळजीने नोंद करणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. त्याच फेरीत खाडीपलीकडे जाऊन कोर्लईच्या वृद्धांची बोली ध्वनिमुद्रित करावी.

कर्नाळ्याच्या खालच्या दरवाजावरील मराठी लेखाला तिथी नाही, म्हणून तो फार्सी लेखापेक्षा कमी दर्जाचा ठरत नाही. त्याची तिथी कोठे शोधावयाची, हा प्रश्न उरतो. ती दगडावर मिळणार नाही. अक्षरवळणातून, शब्दरूपांतून आणि पायथ्याच्या गावांच्या बोलीतूनच तिचा माग लागेल.